उणे तेवीस तास वीस मिनिटं

फालेओलोच्या काउंटरवर मी माणसं तोलतो.
आधी माणूस, मग त्याचं सामान,
कारण विमान लहान आहे
आणि लोक आपल्या वजनाबद्दल
समुद्राशीसुद्धा खोटं बोलतात.

इथून पांगो पांगो दीडशे किलोमीटर.
चाळीस मिनिटं.
मंगळवारी दहाला निघालेलं
सोमवारी दहा चाळीसला उतरतं.
नवखे प्रवासी तिकीट माझ्या नाकासमोर धरतात:
तारीख चुकली आहे.
चुकलेली नाही, मी म्हणतो,
मध्ये एक रेघ आहे, पाण्यावर ओढलेली,
तिच्या पलीकडे अजून कालचीच चूल पेटते आहे.

आधी आम्हीही पलीकडेच होतो.
मग एका डिसेंबरात सरकारनं रेघ उचलून
मागच्या दारातून पुढच्या दारात नेली,
आणि अख्खं बेट गुरुवारी झोपलं, शनिवारी उठलं.
माझ्या मेव्हण्याचा वाढदिवस त्या शुक्रवारी.
तो अजून म्हणतो, एक केक तुम्ही देणं लागता.

आओलेले आली तेव्हा रांगेत कुणी नव्हतं.
कुणाच्या घरात शिरावं तशी चप्पल काढून
ती काट्यावर उभी राहिली.
सत्त्याहत्तर किलो. चटई सहा.
केवड्याच्या जातीच्या पानांची, हाताला रेशीम लागावी अशी,
आईनं विणायला घेतलेली, हिनं पुरी केलेली.
अशी चटई आमच्याकडे लग्नाला निघते
किंवा मयताला.
लग्नाला निघालेली बाई एवढं हळू बोलत नाही.

"रोपाती," ती म्हणाली. "धाकटा.
ट्यूनाच्या कारखान्यात होता, एकतीस वर्षं.
काल चारला गेला."
कुठल्या काल? मी विचारलं. धंद्याची सवय.
"इथल्या. तिथं रविवार होता."

मग ती बोटांवर मोजत राहिली.
"मी उतरेन तेव्हा सोमवार."
हो.
"म्हणजे एक दिवस मागे."
हो.
"तिथून अजून एक दिवस मागे जाणारं
एखादं विमान असेल का रे?"

मी वेळापत्रक उघडलं.
खरंच उघडलं, पान उलटून पाहिलं.
तिथून होनोलुलूला जातं एक,
पण ते जातं ते पुढेच.
अठरा तास चाळीस मिनिटं कमी पडत होती.
अंतर एवढंच,
आणि ते किलोमीटरच्या रकान्यात बसेना.

"फोनवर विचारत होता, कधी येतेस.
मी म्हटलं, परवा."
ती चटईचं सुटलेलं टोक आत खोचत होती.
"तो म्हणाला, बरं."

परवा. या शब्दाला दोन्हीकडून दार.
आजच्या मागे उभा राहिला तरी परवा,
पुढे जाऊन बसला तरी परवा.
त्यानं कुठलं दार उघडं ठेवलं असेल,
आणि किती वेळ?

पंखे फिरले. विमान धावपट्टीवरून उठलं,
माडांच्या शेंड्यांवरून वळलं,
आणि सोमवारात शिरताना
त्याचा आवाज जराही बदलला नाही.
मी वहीत लिहिलं:
निघणे मंगळवार, पोचणे सोमवार,
शेरा: काही नाही.

ती परतली तेव्हा तिकडून गुरुवारी निघाली होती,
इकडे शुक्रवार होता.
उसना नेलेला दिवस वाटेत कुठंतरी चुकता झाला.
येणाऱ्यांना मी तोलत नाही, तसा नियमच नाही,
पण ती थेट काउंटरशी आली
आणि हातातली पिशवी काट्यावर ठेवली.
"बघ तरी."
पांढरे गमबूट, कारखान्यातले,
टाचेशी झिजलेले, धुतलेले,
तरी आत माशांचा वास.

दोन किलो शंभर, मी म्हटलं.

तिनं एक बूट उचलून घेतला
आणि काट्याकडे पाहत राहिली.
डावा उजव्यापेक्षा जड होता.
"तो तसाच चालायचा," ती म्हणाली,
आणि चप्पल शोधू लागली.